जुन्या वास्तूंचे अंतरंग: जतन आणि नवी योजना यांचा एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

ऐतिहासिक इमारतींच्या जतनाविषयी गेल्या शतकभरात आपल्याकडे जी जागृती झाली, तिचा बहुतेक भर इमारतींच्या दर्शनी भागावर राहिला आहे. रस्त्याने जाणाऱ्याला कमान दिसते, सज्जा दिसतो, घुमट दिसतो. आणि जे सर्वांच्या नित्य दृष्टीस पडते त्याविषयी सार्वजनिक ममत्व निर्माण व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु वास्तू जितकी पाहण्यासाठी असते, त्याहून अधिक ती वावरण्यासाठी असते. तिचा स्वभाव दालनांच्या मापांत, एका दालनातून दुसऱ्यात जाण्याच्या क्रमात, चौकातून झिरपणाऱ्या प्रकाशात, पायाखालच्या फरशीत, हाताला लागणाऱ्या गिलाव्यात आणि डोक्यावरील तक्तपोशीत साठलेला असतो. दर्शनी भिंत तेवढी राखून आतील सर्व काही पाडले आणि तेथे पोलाद व काँक्रीट यांचा नवा सांगाडा उभा केला, तर नगराची शोभा काही अंशी टिकते हे खरे. पण त्या वास्तूत जो इतिहास घडला, जे जीवन नांदले, त्याचा साक्षीदार मात्र नाहीसा झालेला असतो.

दुसऱ्या बाजूने पाहता, जुन्या वास्तूंचे अंतरंग गोठवून ठेवणे हाही व्यवहार्य मार्ग नव्हे. ज्या इमारतीत कोणी राहत नाही, जिची दारे रोज उघडत नाहीत, जिच्या कौलांतून गळणारे पाणी पहिल्याच पावसात कोणाच्या लक्षात येत नाही, ती इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा लौकर ढासळते. वापर हवा तर वीज, पाणी, स्वच्छतागृहे, अग्निप्रतिबंध, वृद्धांना व अपंगांना सुलभ असा प्रवेश, या सर्वांची तजवीज करणे भाग आहे. वास्तूचे मूळ स्वरूप राखावयाचे आणि तीत आजच्या मनुष्याला सुखाने वावरता यावे अशी सोयही करावयाची, या दोन कर्तव्यांचा मेळ कसा घालावा, हा या विषयाचा गाभा होय. या बाबतीत विचारवंतांनी काय म्हटले, कायद्याने काय तरतूद केली आणि प्रत्यक्षात कोणते प्रयोग झाले, यांचा धांडोळा घेण्याचा येथे हेतू आहे. तो घेताना एक सिद्धांत मला वारंवार प्रत्ययास येतो, तो असा की, जुन्या वास्तूच्या अंतर्रचनेचे यशापयश रंग, फर्निचर किंवा दिवे यांच्या निवडीच्या फार आधी, त्या वास्तूला कोणता उपयोग नेमून दिला त्याच क्षणी, बव्हंशी ठरून गेलेले असते.

विचारांची परंपरा

या प्रश्नाचा शास्त्रीय ऊहापोह एकोणिसाव्या शतकातील युरोपात सुरू झाला, आणि तोही तीव्र मतभेदांतून. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक या विद्वान स्थपतीचा पक्ष असा होता की, जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे तिच्या शैलीचे तर्कशास्त्र ओळखून तिला पूर्णत्वास नेणे. मग ते पूर्णत्व इतिहासात पूर्वी कधी अस्तित्वात असो वा नसो. तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने १८५७ पासून त्याने पिएरफाँ येथील भग्न किल्ल्याचे जे नवनिर्माण आरंभिले, त्यातील दालने, भित्तिचित्रे आणि कोरीव काम ही मुख्यतः त्याच्याच कल्पनाशक्तीची अपत्ये आहेत. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ च्या आपल्या ग्रंथात या दृष्टीचा कडकडीत निषेध केला होता, आणि १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापून नित्य निगराणी हाच खरा उपाय असल्याचे प्रतिपादन केले. काळाने वास्तूवर उमटविलेल्या खुणा पुसून तिला कोरी करकरीत करणे म्हणजे तिचा नाश करणे, ही मॉरिसची धारणा आजही या क्षेत्रातील विवेकाचा आधार मानली जाते.

हिंदुस्थानात हा विचार पुरातत्त्व खात्यामार्फत आला. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा झाला, आणि खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची जी नियमपुस्तिका प्रसिद्ध केली, तिने जे आहे ते टिकविण्याला, नवे घडविण्याहून श्रेष्ठ स्थान दिले. पुढे १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेत या तत्त्वांना आंतरराष्ट्रीय रूप मिळाले. स्मारकाचा समाजोपयोगी कार्यासाठी वापर होणे इष्ट आहे, परंतु त्यासाठी त्याची मांडणी अथवा अलंकरण बदलता कामा नये. जेथे नवा भाग घालणे अपरिहार्य असेल तेथे तो एकंदर रचनेशी सुसंवादी तर असावाच, पण जुन्यापासून वेगळा ओळखूही यावा, असे तिचे सार सांगता येईल. १९७९ च्या बरा सनदेने, म्हणजे ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी, कोणतीही ढवळाढवळ करण्यापूर्वी त्या स्थानाचे महत्त्व नेमके कशात आहे याचा लेखी निर्णय झाला पाहिजे हा दंडक घालून दिला. १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे भरलेल्या परिषदेने अस्सलपणाची कल्पना प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात पारखली पाहिजे हे मान्य केले. ही शेवटची गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. कारण आपल्याकडील लाकूड, माती व चुना यांच्या वास्तू पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत आल्या आहेत, आणि त्यांचे सातत्य जितके जुन्या द्रव्यात आहे तितकेच ते द्रव्य घडविणाऱ्या कारागिराच्या हातातही आहे.

कायद्याची नजर

आपल्या कायद्यांची नजर मात्र अद्याप बव्हंशी बाहेरच खिळलेली आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने आणि १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने संरक्षित स्मारके ठरविली. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचा १०० मीटरचा टापू बांधकामास मनाई केलेला म्हणून घोषित केला. परंतु ज्या हजारो वास्तू स्मारक नाहीत, ज्यांत माणसे राहतात, कचेऱ्या चालतात, शाळा भरतात, त्यांचा बंदोबस्त या कायद्यांच्या आवाक्यात येत नाही. ही उणीव प्रथम मुंबईने ओळखली. १९९५ च्या मुंबईच्या वारसा नियमावलीने इमारतींच्या श्रेणी पाडल्या. पहिल्या श्रेणीत आतील वा बाहेरील कोणताही बदल अत्यावश्यक असल्याखेरीज करता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतील बदल व नवा उपयोग यांना तपासणीअंती सर्वसाधारणपणे मुभा आहे. तिसऱ्या श्रेणीत ती अधिक सैल आहे. म्हणजे पहिल्या श्रेणीतील मोजक्या वास्तू सोडल्या तर अंतरंगाचे भवितव्य प्रायः मालकाची रसिकता, स्थपतीचे शील आणि तपासणाऱ्या समितीची दक्षता यांच्यावर सोपविलेले आहे. दर्शनी भागाच्या रंगाविषयी हरकत घेणारी व्यवस्था आतील कोरीव जिना उखडला गेल्याचे वर्तमान पुष्कळदा जिना विकला गेल्यावरच ऐकते.

वाड्याचे अंतरंग

या प्रश्नाची महाराष्ट्रातील सर्वांत नाजूक बाजू म्हणजे वाडा. वाड्याची योजना खणांच्या हिशेबाने होते. दोन खांबांमधील अंतर हे त्याचे मूळ माप, आणि ओसरी, सोपा, माजघर, देवघर, दिवाणखाना ही सर्व दालने त्याच मापाच्या पटीत बसविलेली असतात. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर माती. भिंती विटांच्या वा पांढऱ्या मातीच्या आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. भिंतींतून कोनाडे, देवळ्या, फडताळे. मधला चौक हा या रचनेचा प्राण होय. त्यातून प्रकाश येतो, तापलेली हवा वर निघून जाते, पावसाचे पाणी वाट काढते. आणि दिंडी दरवाज्यापासून माजघरापर्यंत जाताना परक्यांचा प्रांत कोठे संपतो व घरच्यांचा कोठे सुरू होतो हेही त्यामुळेच कळते. दालनांत फर्निचर फार थोडे असे. बैठक, लोड, तक्के आणि एखादा झोपाळा एवढ्यावर खोली सजे, आणि तीच खोली दिवसाच्या प्रहरांप्रमाणे आपले कार्य बदलीत असे.

या अंतरंगावर विसाव्या शतकात जे आघात झाले त्यांची कारणे केवळ सौंदर्यदृष्टीच्या अभावात शोधू नयेत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि ज्या वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे नांदत होती त्याच्या मालकाला कौले फिरविण्याचा खर्चही उत्पन्नातून निघेनासा झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे कोसळले. एकत्र कुटुंबे विभागली, हिस्से पडले, दिवाणखान्याच्या मधोमध विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, ओसऱ्या बंदिस्त होऊन स्वयंपाकघरे झाली. ज्यांनी हे केले त्यांना दोष देणे अनुचित होय. त्यांना राहावयास जागा हवी होती, आणि वास्तूची शान राखण्याचा खर्च समाजाने त्यांच्याबरोबर वाटून घेतला नव्हता.

तरीही जे उरले त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून बांधविलेला विश्रामबागवाडा पाहा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला. विसाव्या शतकात १९५९ पर्यंत पुणे नगरपालिकेचा, पुढे महापालिकेचा, कारभार तेथून चालला. टपाल कचेरीही त्यात नांदली. इतक्या स्थित्यंतरांतून सुरूच्या आकाराचे ते कोरीव खांब आणि रस्त्यावर पुढे आलेली मेघडंबरी टिकली, याचे एक कारण असे की, पाठशाळा व कचेरी हे दोन्ही उपयोग खणांच्या मांडणीत मोडतोड न करता सामावू शकत होते. १७८० च्या सुमाराचा नाना फडणीसांचा वाडा शाळेच्या उपयोगी पडला, तोही याच गुणामुळे. टिळकांनी १९०५ मध्ये घेतलेल्या गायकवाडवाड्यात ‘केसरी’चे कार्य रुजले, तेव्हाही वाड्याच्या चौकाला आणि सोप्याला सार्वजनिक जीवनाचे एक नवे, पण त्यांच्या प्रकृतीशी विसंगत नसलेले, कार्य लाभले.

याउलट वाड्याचे उपाहारगृह अथवा वस्त्रदालन करताना जे पहिले काम हाती घेतले जाते, ते चौकावर काचेचे छप्पर घालण्याचे. पावसाळ्यात ग्राहक भिजू नयेत हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु चौक झाकताच हवेचे अभिसरण थांबते, उष्मा कोंडतो, उष्म्यासाठी वातानुकूलन यंत्रे येतात, यंत्रांच्या नळ्या लपविण्यासाठी कडीपाटाखाली खोटे छत येते, आणि खोट्या छताआड गळती व वाळवी कोणाच्याही नजरेस न पडता वाढत राहते. एका निर्णयातून निघालेली ही साखळी अखेर तुळई कुजण्यापर्यंत पोहोचते. येथे आरंभीची चूक छपराची नसून, चौक उघडा राहिला असता जो उपयोग चाललाच नसता तो उपयोग त्या वाड्यावर लादण्याची आहे.

गोमंतकातील जुन्या घरांनाही हाच न्याय लागू पडतो. शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटींत बसवून केलेल्या तेथील खिडक्या समुद्रकाठच्या प्रखर उन्हाला गाळून दालनात दुधाळ, सौम्य प्रकाश आणतात. त्या काढून साधी काच बसविली की दालनाची सारी वृत्ती पालटते. पडदे येतात, पडद्यांमुळे दिवसा दिवे लागतात. पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या कामी येऊ लागली. रुंद व्हरांडे आणि मोठी दालने असलेल्या वास्तूला सार्वजनिक संमेलनाचा उपयोग कसा मानवतो, याचे ते लक्षणीय उदाहरण होय.

मुंबईचे धडे

मुंबईतील सार्वजनिक इमारतींचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. येथे अंतरंग मुळातच प्रेक्षणीय व्हावे या उद्देशाने घडविलेले होते, आणि म्हणून त्याच्या पुनरुज्जीवनात नव्या योजनेपेक्षा संशोधनाला अधिक महत्त्व येते. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम या नावाने उघडले. बाहेरून संयत, अभिजात दिसणाऱ्या या इमारतीच्या आत ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी मुलामा, नक्षीचे छत आणि मिंटनच्या रंगीत फरश्या यांचा वैभवशाली मेळ आहे. उत्तरोत्तर आलेल्या अवकळेनंतर २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन स्थपती विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धार झाला. २००५ मध्ये त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-पुरस्कार लाभला, आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांसाठी खुले झाले. तेथे जुनी कपाटे ही वास्तूच्या अलंकरणाचाच भाग मानून राखली गेली, आणि आजचे कलावंत आपल्या कृती त्या कपाटांच्या सोबतीने मांडतात. नव्याला जागा देण्यासाठी जुने हलवावे लागत नाही, हे या दालनात प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

रॉयल ऑपेरा हाऊसची कथा अधिक बिकट होती. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेले हे नाट्यगृह पुढे चित्रपटगृह झाले आणि १९९३ मध्ये बंद पडले. चित्रपटाच्या पडद्यासाठी रंगमंचाच्या व प्रेक्षागाराच्या मूळ योजनेत फेरफार झालेले होते. स्थपती आभा नारायण लांबा यांनी जुन्या छायाचित्रांच्या व उपलब्ध पुराव्याच्या आधारे घुमटाकार छत, सज्जे आणि प्रेक्षकांचे खासे कक्ष यांना पूर्वरूप दिले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथे पुन्हा संगीताचे स्वर निनादले. येथे पूर्वीचा उपयोग परत आणल्यामुळेच अंतरंगाला अर्थ परत मिळाला. त्या वास्तूत दुसरे काही मांडले असते, तर ध्वनीसाठी घडविलेला तो घुमट निव्वळ शोभेचा उरला असता.

सर्वोत्तम उदाहरणे मात्र त्या इमारतींची, ज्यांचा उपयोग कधी बदललाच नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या योजनेप्रमाणे १८८८ मध्ये पूर्ण झालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आजही रेल्वेचेच आहे, आणि तिकिटे देण्याच्या तारांकित छताच्या दालनात आजही तिकिटेच मिळतात. सर गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्यावरून उभारलेल्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आजही वाचक रंगीत काचांतून आलेल्या उजेडात बसून वाचतो. या ठिकाणी जतनाचे काम मुख्यतः रोजच्या कारभाराला शिस्त लावण्याचे असते: तारांचे जंजाळ, लोखंडी कपाटे, फळकुटांच्या आडभिंती, जागोजागी ठोकलेले फलक यांना आवर घालणे. हे काम छोटे भासते, परंतु सरकारी व निमसरकारी इमारतींच्या अंतरंगाची सर्वाधिक हानी अशाच क्षुद्र वाटणाऱ्या, मंजुरीशिवाय होणाऱ्या भरतीने झालेली आहे.

युरोपातील तीन पद्धती

उपयोग बदलणे अटळ असेल तेव्हा नवी रचना जुनीशी कसे नाते जोडू शकते, याची तीन भिन्न उत्तरे युरोपने दिली आहेत. इटलीत व्हेरोना येथील कास्तेलव्हेक्किओ या चौदाव्या शतकातील किल्ल्याच्या अंतर्भागाला १९२० च्या दशकात खोटे ऐतिहासिक अलंकरण चढविण्यात आले होते. १९५८ ते १९६४ या काळात कार्लो स्कार्पाने त्यातील पुष्कळ भाग दूर करून संग्रहालयाची नवी योजना केली. त्याची नवी जमीन जुन्या भिंतीला भिडत नाही. मध्ये एक अरुंद फट राहते, आणि त्या फटीमुळे कोणते काम कोणत्या शतकाचे हे कोणताही फलक न वाचता उमगते. बर्लिनचे नॉयेस म्युझियम दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले आणि कित्येक दशके भग्न राहिले. डेव्हिड चिपरफील्डने ते २००९ मध्ये पूर्णत्वास नेताना उरलेल्या भित्तिचित्रांना जसेच्या तसे ठेवले, गेलेली चित्रे पुन्हा काढली नाहीत, आणि नष्ट झालेल्या मुख्य जिन्याच्या जागी त्याच आकाराचा पण निरलंकृत काँक्रीटचा जिना उभारला. युद्धाची जखम दडविली नाही आणि तिचे प्रदर्शनही मांडले नाही, हा त्या कामातील संयम अनुकरणीय होय. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे तेराव्या शतकातील डॉमिनिकन चर्चमध्ये २००६ मध्ये पुस्तकांचे दुकान झाले. तेथे पोलादी चौकटीचे बहुमजली पुस्तकघर चर्चच्या भिंतींना आधार न मागता स्वतंत्र उभे केले आहे, आणि पुढेमागे ते काढून घेतले तरी चर्चची उंची अबाधित राहील.

पॅरिसचे ऑर्से संग्रहालय या तिन्हींहून निराळे. १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेले रेल्वेस्थानक पाडले जाण्याच्या बेतात असताना वाचविले गेले, आणि १९८६ मध्ये गाए औलेंतीच्या अंतर्रचनेने ते कलासंग्रहालय झाले. स्थानकाचे विशाल छत टिकले ही थोर गोष्ट. पण त्याखाली उभारलेल्या दगडी दालनांचा भारदस्तपणा स्थानकाच्या मोकळेपणाशी झगडतो अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. जुन्या वास्तूत नवी योजना जितकी हलकी, जितकी सुटी, तितकी ती वास्तूला कमी जाचक, हा निष्कर्ष या चारही उदाहरणांतून निघतो.

स्थलांतरित अंतरंगे

एक उपप्रश्न येथे थोडक्यात घेतला पाहिजे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणलेला मस्तानी महाल पुन्हा उभा केलेला आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या घुमटाखाली स्थपती जॉर्ज विटेटने नाशिकच्या एका वाड्यातील लाकडी कमानींची रचना बसविली. ज्या वास्तू नष्टच व्हावयाच्या होत्या त्यांचे एवढे तरी अंग वाचले, यासाठी आपण कृतज्ञ राहावे. परंतु आज वाडे पाडून त्यांचे खांब, दरवाजे, महिरपी बाजारात विकण्याचा जो व्यापार चालतो, त्याला या उदाहरणांचे समर्थन देता येणार नाही. संग्रहालयाने एक अंतरंग वाचविले; बाजार शंभर अंतरंगांचे सुटे भाग करून त्यांतील प्रत्येकाचा अर्थ नाहीसा करतो. हॉटेलच्या स्वागतकक्षात उभा केलेला वाड्याचा खांब कशाचाही भार वाहत नाही, आणि पाहणाऱ्याला कोणत्याही घराची ओळख देत नाही.

द्रव्य आणि तंत्र

तत्त्वांची चर्चा कितीही उदात्त झाली तरी अंतरंग टिकते वा नासते ते अखेर गवंड्याच्या थापीखाली. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकयुक्त रंग ती आत कोंडतात, मग क्षार फुलतात, गिलावा फुगतो आणि मऊ वीट वा दगड आतून झिजू लागतो. सिमेंट अधिक बळकट म्हणून तेच वापरावे, ही मक्तेदाराची समजूत या बाबतीत घातक ठरते. कारण सांध्यातील द्रव्य दगडाहून कठीण झाले की झिजण्याची पाळी दगडावर येते. आपल्या गवंड्यांची घाणीत चुना मळण्याची, त्यात गूळ व हिरडा यांचे पाणी घालण्याची जी पद्धत होती, ती अनुभवसिद्ध होती, आणि आजच्या जतनकार्यात तिचा पुन्हा अवलंब होतो आहे हे चांगले लक्षण होय.

लाकडी मजल्यांच्या बाबतीत भाराचा हिशेब निर्णायक असतो. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात. ग्रंथालयाच्या पुस्तककोठारासाठी तोच आकडा ६०० किलोंपर्यंत, म्हणजे तिपटीवर, जातो. दिवाणखान्यात वाचनालय थाटण्याचा बेत करणाऱ्याने म्हणून पुस्तकांची कपाटे तळमजल्यावर आणि वाचकांची बैठक वर, अशी वाटणी केली, तर तुळयांना नवे पोलाद जोडावे लागत नाही. ओलीची कामे, म्हणजे स्वच्छतागृह व स्वयंपाकघर, परसाच्या बाजूला न्यावीत; वाड्याच्या मूळ योजनेतही ती तेथेच होती. वीजतारा गिलावा फोडून दडविण्याऐवजी कडीपाटाच्या कडेने उघड्या पण शिस्तीत न्याव्यात, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी भिंत पुन्हा खणावी लागत नाही, आणि लाकडी वास्तूला आगीचे जे मोठे भय असते ते तारा नजरेसमोर राहिल्याने कमी होते. उद्वाहन लागलेच तर ते जिन्याच्या पोकळीत न कोंबता मागील अंगास स्वतंत्र उभारावे. प्रकाशाची योजना करताना जुन्या वस्त्रांवर व जलरंगांतील चित्रांवर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, हा संग्रहालयांचा दंडक स्मरणात ठेवावा. जी दालने समया आणि हंड्या यांच्या उजेडात पाहिली जावीत म्हणून रंगविली होती, त्यांना प्रखर पांढरे दिवे मुळीच मानवत नाहीत.

या सर्वांच्या आधी नोंद हवी. प्रत्येक दालनाची मोजणी, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र, रंगाचे थर एकेक करून उकलून मूळ रंगाचा शोध, आणि जेथे दप्तर उपलब्ध असेल तेथे बांधकामाच्या हिशेबांचे वाचन, एवढे झाल्याखेरीज नव्या योजनेची पहिली रेघ ओढणे हे निदानाआधी शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

काय करावयास हवे

या आढाव्यातून जे निष्पन्न होते ते मी शेवटी स्पष्टपणे मांडतो. पहिली गोष्ट अशी की, जुन्या वास्तूला उपयोग नेमून देणे ही तिच्या अंतर्रचनेतील पहिली आणि सर्वांत गंभीर कृती मानली पाहिजे. जो उपयोग चौक उघडा ठेवून, खण न मोडता, मजल्यांवर अधिक भार न टाकता चालू शकतो, तोच त्या वास्तूचा उपयोग. बाकीचे उपयोग कितीही उत्पन्न देणारे असले तरी त्यांच्यासाठी शहरात दुसऱ्या जागा आहेत. शाळा, वाचनालय, संगीतसभा, अभ्यासिका, हस्तकलांची कार्यशाळा, लहान कचेरी, निवास, असे वाड्याच्या प्रकृतीला मानवणारे उपयोग थोडे नाहीत. दुसरी गोष्ट, जे नवे घालावयाचे ते आपल्या काळाचे म्हणून ओळखू यावे, जुन्याच्या अंगाला न चिकटता उभे राहावे, आणि उद्याच्या पिढीला काढता यावे. तिसरी, मालकाला एकट्याला हा भार वाहावयास लावणे अन्यायाचे आहे. मुंबईच्या नियमावलीत विकासहक्कांच्या हस्तांतरणाची जी तरतूद आहे तिच्यासारखे उपाय, घरपट्टीतील सूट आणि दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज यांची जोड पुणे, नाशिक, सातारा, वाई, पैठण येथील वाड्यांच्या मालकांना मिळाली, तरच जतनाचा उपदेश करण्याचा अधिकार समाजाला राहील. चौथी, सुतार, पाथरवट, गवंडी आणि चितारी यांच्या विद्येला स्थापत्य महाविद्यालयांत आणि शासकीय तंत्रशाळांत मानाचे स्थान द्यावयास हवे. चुना मळणारा हात नाहीसा झाला तर कोणतीही सनद भिंत वाचवू शकणार नाही.

आणि या सर्वांची सुरुवात नगरपालिकांना आजच करता येण्याजोगी आहे. वारसायादीत नाव असलेल्या प्रत्येक इमारतीपुढे तिच्या दर्शनी भागाच्या वर्णनाबरोबर तिच्या अंतरंगाची सूचीही जोडावी: कोणते दालन, कोणता जिना, कोणती तक्तपोशी, कोणती फरशी अबाधित राखावयाची आणि कोठे बदलास मुभा आहे. अशी सूची हाती असेल तर स्थपतीला आपल्या कल्पकतेची मर्यादा आरंभीच कळेल, मालकाला आपल्या हक्काची व्याप्ती कळेल, आणि समितीला मंजुरी देताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही. महाराष्ट्रातील स्थापत्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून ही मोजणी थोड्या खर्चात होऊ शकते, आणि ती करताना त्या विद्यार्थ्यांना वास्तू वाचण्याचे जे शिक्षण मिळेल, ते पुढे त्यांच्या हातून होणाऱ्या प्रत्येक नव्या कामात उतरेल.